दोन दिवसांत प्रतिभावंत

पाण्याची टंचाई असो, सरकारी दवाखान्यातली रांग असो, शाळेतली गळती असो की बँकेच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी. हल्ली सगळ्या दुखण्यांवर एकच मात्रा उगाळली जाते. वीस-पंचवीस माणसं एका एसी हॉलमध्ये बसवायची, पाच-पाचांचे गट पाडायचे, हातात स्केचपेनं आणि रंगीत चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे द्यायचे आणि सांगायचं, सुचेल ते लिहा आणि भिंतीवर चिकटवा. दोन दिवसांत भिंत भरते, गटाचा फोटो निघतो, सर्टिफिकेटं वाटली जातात. प्रश्न होता तिथेच असतो, पण त्याच्याकडे बघण्याची 'दृष्टी' बदललेली असते म्हणे. या विधीला डिझाइन थिंकिंग म्हणतात. त्याबद्दल शंका काढणारा माणूस आजच्या घडीला मागासलेला, नकारात्मक आणि बहुधा निवृत्त समजला जातो.

मराठी घरांना हा विधी म्हैसूरच्या वाटेने चांगलाच परिचयाचा झाला आहे. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली, १९८३ मध्ये बंगळूरला गेली आणि पुढे म्हैसुरात तिने नव्या भरतीसाठी तीनशेहून अधिक एकरांवर प्रशिक्षण केंद्र उभारलं. सांगली, सोलापूर, लातूर, नांदेडच्या किती घरांत 'म्हैसूरला ट्रेनिंगला गेलाय' हे वाक्य अभिमानाने उच्चारलं गेलं असेल! २०१४ च्या ऑगस्टमध्ये विशाल सिक्का या कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. ते आले सॅप या जर्मन कंपनीतून, आणि त्याच सॅपचे एक संस्थापक हासो प्लाटनर यांच्या देणगीतून २००५ साली स्टॅनफर्डमध्ये डिझाइन थिंकिंग शिकवणारं डी-स्कूल उभं राहिलं होतं. सिक्कांनी ती दीक्षा सोबत आणली. दोन-तीन वर्षांत लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांना डिझाइन थिंकिंगचं प्रशिक्षण दिल्याचं कंपनीने जाहीर केलं. लाट मग कंपनीपुरती राहिली नाही. बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाने 'इनोव्हेशन अँड डिझाइन थिंकिंग' हा विषय इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षाला लावला. आता महापालिका, बँका, शाळा, सामाजिक संस्था, कुणीच यातून सुटलेलं नाही.

आधी या मंडळींचं म्हणणं त्यांच्याच थाटात मांडू, म्हणजे विपर्यास केल्याचा आरोप नको. ते म्हणतात : प्रश्न सुटत नाहीत ते ज्ञान कमी पडतं म्हणून नव्हे, विचाराची पद्धत चुकते म्हणून. तज्ज्ञ आपल्याच चौकटीत अडकलेला असतो. विषयातलं फारसं न कळणारा माणूस हाच खरा ताजा. पद्धत मात्र कुणालाही शिकवता येते, तिच्या पाच पायऱ्या आहेत. आधी माणसाशी समरस व्हा, मग प्रश्न पक्का करा, मग कल्पनांचा पाऊस पाडा, मग झटपट नमुना बनवा, मग तो तपासा. कल्पना येत असताना कुणी कुणावर टीका करायची नाही. चुकायचं, पण लवकर आणि स्वस्तात. एका डोक्यापेक्षा दहा डोकी बरी. आणि खोलीत शिरताना हुद्दा दाराबाहेर ठेवायचा, म्हणजे शिपायापासून साहेबापर्यंत सगळे सारखे.

ऐकायला किती लोभस! अभ्यास नको, भांडण नको, साहेबाची भीती नको; दोन दिवस दुपारच्या जेवणासकट मोकळेपणाने बोलायचं आणि जग बदलायचं. इतकं सोपं होतं तर आपले वाडवडील उगाच आयुष्यं घालवून गेले म्हणायचे. आता एकेक कलम घेऊ.

पहिलं कलम ज्ञानाचं. अज्ञान हेच भांडवल मानणारी ही बहुधा पहिलीच विद्या. उदाहरण म्हैसूरचंच घेतो, आणि तेही असं की हा लेख वाचणाऱ्या जवळपास प्रत्येकाने ते स्वतःच्या बोटावर वागवलेलं आहे. मतदान केल्यावर डाव्या तर्जनीला लागते ती शाई म्हैसुरात बनते. १९३७ साली संस्थानी काळात निघालेला लाख आणि रंगांचा एक कारखाना होता. तीच आजची मैसूर पेंट्स अँड व्हार्निश ही कर्नाटक सरकारची कंपनी. १९६२ च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती ही शाई पुरवते आहे. प्रश्न एका वाक्याचा : एका माणसाने दोनदा मत देऊ नये. पण तो सोडवायचा होता कोट्यवधी मतदारांच्या देशात, जिथे बहुतेकांकडे फोटोचं ओळखपत्र नव्हतं, निम्म्याहून अधिक लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, गावात वीज नव्हती आणि मतदान केंद्र म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात मांडलेलं टेबल होतं.

उत्तर आलं ते रसायनशास्त्रातून. शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरच्या क्षाराशी त्याचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड बनतं. ते पाण्यात विरघळत नाही आणि उजेड लागला की काळं पडतं. साबण लावा, राख लावा, दगडाने घासा. नख वाढून पुढे सरकेपर्यंत खूण हटत नाही. सूत्र दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचं, गरज निवडणूक आयोगाची, कायदा मंत्रालय आणि राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ मधल्या व्यवहाराला, आणि उत्पादन म्हैसूरच्या कारखान्याचं. अनेकांनी मिळून कल्पकतेने प्रश्न सोडवणं म्हणतात ते हेच ना? मग यात तो विषयातलं काही न कळणारा ताजा माणूस कुठे बसला होता? भिंतीवर 'मतदाराला सन्मान वाटला पाहिजे' अशी गुलाबी चिठ्ठी चिकटवल्याने कुणाला सिल्व्हर नायट्रेट सुचलं असतं? आज हाच प्रश्न एखाद्या कार्यशाळेत टाकून पाहा. पाच गटांपैकी चार गट ॲप काढतील आणि पाचवा गट त्या ॲपला पॉइंट्स आणि बक्षिसं जोडेल.

त्याच शहरातलं दुसरं उदाहरण. १९५० साली चेलुवंबा महालात केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था, म्हणजे सीएफटीआरआय, सुरू झाली. तान्ह्या बाळांसाठी डब्यातली दूधपावडर त्या वेळी परदेशातून यायची. आपल्याकडे मुबलक होतं ते म्हशीचं दूध. पण त्यात स्निग्धांश जास्त, आणि बाळाच्या पोटात त्याचं घट्ट दही होतं, पचत नाही. त्यामुळे बेबीफूड करायचं तर गाईच्याच दुधाचं, असं धरून चाललेलं होतं. म्हैसूरच्या शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात म्हशीच्या दुधातल्या घटकांचं प्रमाण दुरुस्त करत बाळाला पचेल अशी पावडर बनवून दाखवली, आणि अमूलने ती डब्यात भरून घरोघरी नेली.

यावर उत्तर तयार असतं : बघा, इथे तज्ज्ञांची चौकट मोडली की नाही? मोडली. पण मोडली कुणी? त्या दुधातलं प्रथिन कसं आणि का गोठतं हे इतरांपेक्षा अधिक जाणणाऱ्यांनी. चौकट मोडायची तर तिचा कोणता खिळा सैल आहे हे आधी ठाऊक असावं लागतं. ज्याला चौकटच दिसत नाही तो तिच्यावर आपटतो, आणि आपटल्याच्या आवाजाला नवा विचार म्हणतो.

दुसरं कलम समरसतेचं, आणि या मंडळींना सगळ्यात जास्त उमाळा येतो तो इथेच. प्रत्यक्षात काय चालतं ते जवळून पाहावं. मोठ्या कागदावर मध्ये एक गोल चेहरा काढतात, भोवती चार चौकोन : तो काय बोलतो, काय करतो, काय विचार करतो, त्याला काय वाटतं. चेहऱ्याला नाव देतात. समजा, 'रमेश, वय ३५, रिक्षाचालक'. मग रिक्षातून शेवटचे कधी फिरलो हेही न आठवणारी पाच माणसं रमेशच्या मनात काय चाललंय हे वीस मिनिटांत चिठ्ठ्यांवर उतरवतात. 'रमेशला आदर हवा आहे.' 'रमेशला तंत्रज्ञानाची भीती वाटते.' हॉटेलच्या फाटकाबाहेर खरेखुरे सात-आठ रमेश रिक्षा लावून गिऱ्हाइकाची वाट बघत असतात. त्यांना आत बोलवायचं कुणाला सुचत नाही, कारण ते आले तर म्हणतील, 'साहेब, सीएनजीच्या रांगेचं बघा आधी.' आणि 'सीएनजीची रांग' ही चिठ्ठी त्या चार चौकोनांपैकी एकातही बसत नाही.

समोरच्याचं ऐकणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर गडचिरोलीला जावं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग या दोघांनी तिथे १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. दवाखाना कसा हवा हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. उत्तरं सोयीची नव्हती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बघून प्रेतावरचं कापड आठवतं. आजाऱ्याला आत नेता आणि आमच्या माणसांना बाहेर ठेवता. आणि तुमच्या दवाखान्यात देव कुठे आहे? दवाखाना मग झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला, नातेवाइकांना रोग्याजवळ राहायची सोय झाली, नाव पडलं माँ दंतेश्वरी दवाखाना. बाळाला न्यूमोनिया झालाय का हे ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. गावातल्या दायांना तितके आकडे मोजता येत नव्हते. त्यांना आकडे शिकवण्याच्या फंदात न पडता वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं श्वासमोजणीचं साधन तयार झालं. घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या या कामाचा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या हाती ती पद्धत गेली.

हे उदाहरण दिलं की लगेच टाळी मिळते : अहो, हेच तर डिझाइन थिंकिंग! क्षमा करा, हे ते नाही. बंग दांपत्य जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आलं होतं आणि मग गडचिरोलीत राहायलाच गेलं. दोन दिवसांसाठी नव्हे. लोकांनी अडचणीचं उत्तर दिलं तेव्हा इमारतीचा नकाशा बदलायचा अधिकार ऐकणाऱ्याच्या हातात होता. मुख्य म्हणजे टिम ब्राउन यांचा 'डिझाइन थिंकिंग' हा गाजलेला लेख 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये आला २००८ साली. तोवर गडचिरोलीतली पोरं वाचून मोठी झाली होती. दुसऱ्याने आयुष्य घालून केलेलं काम मागाहून आपल्या खात्यावर जमा करायचं आणि आपल्या खात्यावरचं फसलेलं काम 'त्यांनी पद्धत नीट वापरली नाही' म्हणून दुसऱ्याच्या नावे टाकायचं, या जमाखर्चाला काय म्हणतात ते कुठल्याही हिशेबनिसाला विचारा.

तिसरं कलम दहा डोक्यांचं, आणि टीकाबंदीचं. ही कल्पना ॲलेक्स ऑस्बोर्न या अमेरिकी जाहिरातवाल्याची. १९५३ च्या आपल्या पुस्तकात त्याने ठासून सांगितलं की गटात बसलं की माणसाला एकट्यापेक्षा दुप्पट कल्पना सुचतात. पाचच वर्षांत, १९५८ मध्ये, येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी ते पडताळून पाहिलं. चार माणसं एकत्र बसवली, आणि दुसरीकडे चार माणसांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पनांची बेरीज केली. एकेकट्या बसलेल्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट निघाल्या. १९८७ मध्ये डील आणि स्ट्रोबे यांनी कारणही दाखवलं : एक बोलत असताना बाकीचे आपली पाळी येण्याची वाट बघतात, आणि तेवढ्यात सुचलेलं विरतं. टीकाबंदीची गतही तीच. शार्लान नेमेथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि फ्रान्स या दोन देशांत गट बसवले. २००४ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत 'भांडा, एकमेकांच्या कल्पनांवर टीका करा' असं सांगितलेले गट 'टीका करू नका' म्हटलेल्या गटांपेक्षा मागे पडले नाहीत, उलट सरस ठरले.

म्हणजे ज्या नियमावर अख्खा विधी उभा आहे, त्याच्या पायातला दगड १९५८ मध्येच निखळला होता. इतक्या वर्षांत ही बातमी एकाही कार्यशाळेत पोहोचू नये? यावर मखलाशी अशी होते की आम्ही आधी पाच मिनिटं सगळ्यांना गप्प बसून एकेकट्याने लिहायला लावतो. छान! म्हणजे एकट्याने विचार केलेला बरा हे तुम्हालाही पटलेलं आहे. मग उरलेले दोन दिवस कशासाठी?

आणि टीका नको म्हणताना आपण कुणाला सांगतोय याचं तरी भान ठेवा. वाद घालणं हा आपल्याकडे गावच्या पारापासून साहित्य संमेलनापर्यंत सगळ्यांचा आवडता उद्योग. त्या समाजातल्या मुलांना नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं जातं की समोरच्याच्या कल्पनेला 'नाही' म्हणायचं नाही, 'होय, आणि शिवाय...' असं म्हणायचं. पूल पडतात, औषधं मागे घ्यावी लागतात, सॉफ्टवेअर कोसळतं, तेव्हा चौकशीत काय बाहेर येतं? कुणाला तरी शंका होती आणि त्याने ती बोलून दाखवली नाही. त्या न बोलण्याचं रीतसर प्रशिक्षण देऊन वर त्याला सृजनशीलता म्हणायचं?

चौथं कलम, लवकर चुका आणि स्वस्तात चुका. कुणाच्या खर्चाने? म्हैसूरच्या देवराज मार्केटचा प्रश्न घेऊ. सयाजीराव रस्त्यावरचा हा जुना बाजार. आत मोगऱ्याच्या हारांचे ढीग, विड्याची पानं, केळीचे घड, कुंकवाच्या राशी. २०१६ मध्ये त्याचा एक भाग कोसळला. त्याआधी २०१२ मध्ये शहरातली लॅन्सडाउन इमारत पडून माणसं दगावली होती. तेव्हापासून वाद चालू आहे : बाजार पाडून नवा बांधायचा की आहे तो डागडुजी करून राखायचा? पालिकेचं एक म्हणणं, वारसाप्रेमींचं दुसरं, राजघराण्याचं आणखी काही, गाळेधारकांचं त्याहून वेगळं, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलेलं. आता इथे तुमच्या पाच पायऱ्या चढून दाखवा. 'प्रश्न पक्का करा' म्हणता. पण प्रश्न कोणता? फुलवाल्याच्या लेखी तो गाळ्याचा आणि भाड्याचा आहे, इंजिनिअरच्या लेखी भिंतींच्या ताकदीचा, वारसाप्रेमींच्या लेखी शहराच्या चेहऱ्याचा. यातला एक निवडला की बाकीच्यांचा निकाल न ऐकताच लागला. भिंतीवरची चिठ्ठी इकडून तिकडे हलवून कुणाचा तरी गाळा जातो, हे चिठ्ठी हलवणाऱ्याला जाणवतही नाही.

गंमत अशी की अशा न सुटणाऱ्या प्रश्नांची नीट मांडणी ज्यांनी केली त्यांचीच नावं ही मंडळी आपल्या स्लाइडवर मिरवतात. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या बर्कलीच्या दोन प्राध्यापकांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की सार्वजनिक प्रश्नांना एकच एक व्याख्या नसते, ते सुटले असं म्हणून कुठे थांबायचं हे ठरत नाही, आणि प्रत्येक प्रयोगाचे परिणाम कायमचे उरतात. म्हणून नियोजन करणाऱ्याला चुकण्याचा अधिकार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्याच नावाने 'लवकर चुका'चा मंत्र देणाऱ्याने मूळ निबंध वाचला असेल का?

नमुना करून बघण्याला माझा विरोध असण्याचं कारण नाही; त्याचा मक्ता मात्र यांच्याकडे कुणी दिला? ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात आज हा विषय शिकवतात ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातून इंजिनिअर झाले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले. धरणाची उंची न वाढवता अधिक पाणी साठवायचं आणि पुराचा लोंढा आला तर तो आपोआप सोडून द्यायचा, यासाठी त्यांनी पाण्याच्या पातळीबरोबर स्वतःहून उघडणारी-मिटणारी दारं तयार केली. ती १९०३ मध्ये खडकवासल्याला बसली. तीच कल्पना पुढे म्हैसूरजवळ कृष्णराजसागरावर गेली. खडकवासल्याच्या खाली अख्खं पुणं वसलेलं असताना विश्वेश्वरय्यांनी 'लवकर चुकू, स्वस्तात चुकू' म्हणायला हवं होतं का? तो नमुना गणिताने आणि जबाबदारीने तोललेला होता. पुठ्ठा आणि डिंकाने तासाभरात उभ्या केलेल्या खेळण्याला तेच नाव देणं हा त्या नावाचा अपमान आहे.

तासाभरावरून आठवलं. या पंथाची पोथी म्हणजे १९९९ चा अमेरिकी टीव्हीवरचा एक कार्यक्रम. आयडिओ या कंपनीने त्यात पाच दिवसांत सुपरमार्केटमधली सामानाची गाडी नव्याने घडवली. कार्यशाळांतून ती चित्रफीत भक्तिभावाने दाखवली जाते. चित्रफीत संपली की जवळच्या मॉलमध्ये जा आणि बघा, आपण ढकलतो ती गाडी कोणती आहे. पाच दिवसांत सुटलेला प्रश्न पाव शतकानंतरही दुकानात पोहोचू नये, याला काय म्हणायचं?

शेवटचं कलम समतेचं : हुद्दा दाराबाहेर ठेवा. चपला बाहेर ठेवतात तसा हुद्दा ठेवता येत असता तर मग काय हवं होतं! पण निघताना प्रत्येकजण आपापलाच जोड पायांत घालतो. दोन दिवस साहेबांना नावाने हाक मारणारा कारकून सोमवारी सकाळी पुन्हा 'येस सर' म्हणतो, आणि साहेबांना पटलेली चिठ्ठी तेवढी अहवालात येते. सहकार्याचा खरा कस लागतो तो सत्तेचा प्रश्न आला की. २०१७ मध्ये इन्फोसिसमध्येच संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यात जाहीर वाद झाला. पत्रं गेली, निवेदनं निघाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, आणि १८ ऑगस्टला सिक्कांनी राजीनामा दिला. कोण बरोबर होतं यात मला पडायचं नाही. मला एवढंच विचारायचं आहे : लाखभर लोकांना समरसता आणि सहविचार शिकवलेल्या घरात, घरचाच मोठा प्रश्न आला तेव्हा कुणी रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला का? नाही काढला. काढण्याचं कुणाच्या मनातही आलं नसणार. कारण खरा प्रश्न आला की सगळ्यांनाच कळतं की अधिकार कुणाकडे हे आधी ठरवावं लागतं.

अनेकांनी एकत्र बसून प्रश्न सोडवण्याची परंपरा म्हैसूरला नवी नाही. १९११ मध्ये त्या संस्थानात आर्थिक परिषद स्थापन झाली. शेती, शिक्षण, उद्योग-व्यापार यांच्या समित्या नेमल्या गेल्या. अधिकारी आणि बिगरसरकारी माणसं एकत्र बसली. त्याच काळात १९१३ ला बँक ऑफ मैसूर निघाली, १९१६ ला म्हैसूर विद्यापीठ निघालं. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची निर्यात थांबली आणि लाकूड पडून राहू लागलं, तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीने तेल इथेच गाळायचं ठरलं. म्हैसूरचं चंदन तेल आणि चंदनाचा साबण तिथून आला. ती माणसं एकमेकांना नावाने हाका मारत नव्हती आणि कुणी त्यांना खुर्चीवरून उठवून अंग सैल करायचे खेळ खेळायला लावले नव्हते. पण समितीत बसलेल्याकडे काहीतरी होतं : कुणाकडे जंगल, कुणाकडे भट्टी, कुणाकडे खजिना, कुणाकडे शास्त्र. शिवाय परिषद वर्षानुवर्षं भरत राहिली, त्यामुळे गेल्या वर्षी ठरलेल्याचं काय झालं हे विचारायला माणसं तिथेच होती. तुमच्या कार्यशाळेतला गट पुढच्या वर्षी कुठे भेटतो? व्हॉट्सॲपवर. आणि तिथे 'गुड मॉर्निंग' सोडून काय चालतं?

एवढं सगळं सांगितल्यावर शेवटची ढाल पुढे येते : तुम्ही वाईट कार्यशाळा पाहिल्यात, खरं डिझाइन थिंकिंग वेगळं असतं. हे 'खरं' नेहमी दुसरीकडेच असतं. भोंदू बाबाचा भक्तही असंच म्हणतो. जी पद्धत बहुतेक ठिकाणी बहुतेकांकडून चुकीचीच वापरली जाते, तिचा दोष वापरणाऱ्यांचा की पद्धतीचा? आणि ती खऱ्या अर्थाने वापरायला विषयाचं ज्ञान, वर्षानुवर्षांचं वास्तव्य, खराखुरा अधिकार आणि मोकळा वाद हे सगळं आधीच लागत असेल, तर मग या पद्धतीने नेमकं काय आणलं? चिठ्ठ्या?

दुसरी ढाल अशी की निदान लोक मोकळे तरी होतात. होतात. सहलीलाही होतात, हुरडा पार्टीलाही होतात, आणि ती स्वस्त पडते. मोकळं होणं ही करमणूक असेल तर तिला खुशाल करमणूक म्हणा. पालिकेच्या पैशाने ती नियोजनाच्या खात्यावर टाकू नका, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना गणित-रसायन सोडून तिचे मार्क देऊ नका.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या कचेरीत, कॉलेजात किंवा पालिकेत कुणी अशी कार्यशाळा घ्यायला आलं, तर दुपारच्या जेवणाआधीच त्याला विचारा : या खोलीत हा विषय जाणणारा कोण आहे? ज्याला झळ बसते तो आत आहे की फाटकाबाहेर? आत असेल तर त्याने 'नाही' म्हटल्यावर काम थांबतं का? निर्णय घेणारा बसलाय की त्याने आपला सहायक पाठवलाय? आणि वर्षभराने याच प्रश्नाचा जाब द्यायला कोण उभं राहणार आहे? प्रश्न सोडवायला विषय जाणणारी माणसं लागतात, त्यांच्याशी भांडायची मुभा असलेली माणसं लागतात, भोगणाऱ्याच्या हातात नकाराचा अधिकार लागतो, आणि दहा-दहा वर्षं त्याच दाराशी उभं राहायची चिकाटी लागते. यातलं काहीही दोन दिवसांत शिकवता येत नाही. येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी आपल्याच घरातला एक, फक्त एक खरा प्रश्न त्या पाच पायऱ्यांनी सोडवून दाखवावा, आणि मग आमच्याकडे बिल पाठवावं.